बुधाची हजेरी

बुधाचं मरण मी आधी वहीत लिहिलं आणि मग रडलो. पोलीस पाटलाचं कामच असलं. गावात कोणी जन्मो की जावो, आधी रकाने भरायचे, बाकीचं सगळं मागाहून. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो, तर वरच्या वाडीचा रामा पायरीशी येऊन उभा राहिला. रामाला उजवा पंजा नाही. तो हात तो कायम घोंगडीच्या आत धरतो. "पाटील, बुधा गेला. पहाटं गेला." एवढंच म्हणाला आणि खाली बघत राहिला. मी आत जाऊन मृत्यूची वही आणली, टाक बुडवला. नाव लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. "वय काय लावू रे?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तुमच्याच वयाचा की." म्हणजे पंचावन्नच्या पुढेमागे. कारण: छातीचा विकार, कारण दगडाच्या खाणीत जन्म घालवलेल्या माणसाच्या खोकल्याला सरकारी वहीत दुसरं नाव नाही. मग आला धंद्याचा रकाना. तिथे मी 'मजुरी' असं लिहिलं, शाई वाळेपर्यंत त्या शब्दाकडे बघत बसलो, आणि रामाच्या देखत मला हुंदका आला. पाटलाला रडताना बघून तो बिचारा घाबरला. त्याला काय ठाऊक, की त्या रकान्यात दुसरा शब्द यायला हवा होता, आणि तो आला नाही याला कारण मी होतो!

हे लिहून वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवतो आहे ते कोणी माझी पाठ थोपटावी म्हणून नव्हे. तीस वर्षं मी लोकांच्या चालचलणुकीचे दाखले लिहिले. कोण भला, कोण उडाणटप्पू, कोणावर नजर ठेवावी, सगळं माझ्या टाकाच्या टोकावर. एका माणसाचा दाखला तेवढा चुकला. तो निदान छापून तरी दुरुस्त व्हावा.

बुधा आमच्या गावच्या वरच्या वाडीचा. औंढ्याकडून डोंगराला वाट जाते तिच्या अंगाला ही दहा-बारा घरांची वाडी. आम्ही पोरसवदा होतो तेव्हा लोणावळ्याला धरणांची कामं निघाली. दिवसभर सुरुंग उडायचे, आमच्या घरची भांडी फळीवर वाजायची. आई कामवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची. वाड्यावाड्यांतली तरणी माणसं कामावर गेली, त्यांत बुधा आणि त्याचा चुलतभाऊ रामा. बुधा कातळाला भोक पाडायच्या कामावर होता. पहार धरून बसायचं, वरून घणाचे घाव, आणि भोक झालं की त्यात दारूच्या कांड्या भरणारा मिस्त्री वेगळा. हा त्या मिस्त्रीचं बघून बघून शिकला. आणि एका शिमग्याला त्याच्या डोक्यात काय भरलं कोण जाणे, त्यानं पेटीतल्या तीन कांड्या, त्या उडवायच्या टोप्या आणि हातभर वात लंगोटीत खोवून आणली. डोहात बार टाकला की मासे पालथे होऊन वर येतात, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. पहिला बार झकास झाला, दुसराही. तिसऱ्याची वात आखूड होती आणि कांडी रामाच्या हातात होती...

त्यानंतर बुधानं जे केलं ते मी पुढं अनेकदा अनेकांकडून ऐकलं. तो रानात पळाला नाही. त्यानं रामाला पाठीवर घेतलं आणि डोहापासून लोणावळ्याच्या दवाखान्यापर्यंत जवळजवळ पळत नेलं. डॉक्टरनं कसं झालं म्हणून विचारलं तेव्हा रामानं झाडावरून पडलो असं सांगायला सुरुवात केली होती. बुधा मध्येच म्हणाला, "न्हाई साहेब. म्या दारू चोरली. त्यानं झालं." झालं, शिपाई आले. सरकारी कामावरची दारू चोरली, तीही तिकडं जर्मनची लढाई सुरू होण्याच्या बेताला. येरवड्याला वर्षभर दगड फोडून आला.

सुटून आल्यावर हजेरीचा हुकूम होता. आताच्या पिढीला हे सांगावं लागेल: एकदा शिक्षा झालेल्या माणसावर मामलेदाराचा असा हुकूम असला की त्यानं रोज दिवेलागणीला पोलीस पाटलाकडे येऊन हजर व्हायचं, पाटलानं वहीत त्याच्या नावापुढे खूण करायची, आणि पाटलाला विचारल्याशिवाय गावाबाहेर वस्ती करायची नाही. पाटीलकी तेव्हा माझ्या वडिलांकडे होती. वडील तापट. बुधा आला की ते वहीत काट मारायचे आणि मान वर न करता "जा" म्हणायचे. हजेरीची वही ओट्यावरच खुंटीला दोरीनं टांगलेली असायची. मी सातवी पास होऊन घरी बसलेला, म्हणून लवकरच ते काम माझ्याकडे आलं. आणि मी वडिलांसारखा "जा" म्हणायला शिकलो नव्हतो, म्हणून बुधा बसायला लागला. मी ओट्यावर, तो खालच्या पायरीवर. त्या पायरीवरून तो कधी वर आला नाही आणि मी कधी ये म्हटलं नाही, हेही इथेच लिहून ठेवतो.

काय बोलायचो? काहीही. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. तो मला कोणत्या झाडावर मध आलाय, रानडुकरं कुठं उतरली, वाडीत कोणाचं कोणाशी वाजलं ते सांगायचा. पाटलाला यातलं निम्मं उपयोगी पडायचं, आणि मी ते कधी वापरलं नाही, इतका तरी मी बरा होतो. त्याचं लग्न झालं तेव्हा मोठी गंमत. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि सूर्य कलल्यावर नवरदेव डोंगर उतरून हजेरीला हजर! पाठीमागून दोन वाजंत्रीवाले, कारण ते म्हणाले नवऱ्याला एकटं सोडायचं नसतं. माझी आई हसून हसून पदराला डोळे पुसत होती. मी म्हटलं, "अरे, आजचा दिवस मी मांडून घेतला असता." तर पिवळ्या तोंडानं म्हणाला, "आन् उद्या कुनी इचारलं, हळदीचा नवरा हजेरीला कसा आला, तर?" आम्ही सगळे हसलो. तो मात्र हसला नाही.

दुसऱ्या एका प्रसंगी मला हसूही आलं नाही. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि तो एक दिवस उतरू शकला नाही. मी नेहमीप्रमाणे खूण करून टाकली. बुधा येणार नाही असं होईल कसं, पुरामुळे अडला असेल, कोणाचं काय बिघडलं? दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, कालच्या घरात काय लिवलंय ते दावा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण खुणा येत होत्या. खूण बघितली आणि खाली मान घालून म्हणाला, "खोडा ती. काल म्या आलो न्हाई. खोटी हजेरी एक जरी ठिवली ना पाटील, तर माज्या खऱ्या हजऱ्या बी खोट्या व्हत्यात." मला राग आला. उपकार करावा तर हा शिकवतो! पण खोडली, आणि पुढं 'ओढ्यास पूर' असं लिहिलं. सात वर्षांच्या त्या वहीत एवढी एकच गैरहजेरी. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं होतं, आणि तरीही पुढं मी जे केलं ते केलं.

हुकूम उठला त्या दिवशी मी त्याला सांगितलं, उद्यापासून यायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा पायरीवर हजर. "आता कशाला रे?" म्हटलं, तर म्हणे, "पाय आपोआप आलं." पुढं वडील गेले, पाटीलकी माझ्या नावावर झाली, मला मुलं झाली, त्याला मुलगी झाली ती मोठी होऊन सासरी गेली, पण तो कामावरून उतरला की यायचाच. वही खुंटीवर तशीच राहिली, पुढची पानं कोरी. काढावी असं कधी मनातच आलं नाही.

खंडाळ्याकडच्या एका दगडखाणीच्या ठेकेदारानं त्याला सुरुंगावर घेतला. चोर म्हणून माहीत असूनही घेतला, कारण असं काम येणारी माणसं थोडी. तिथे बुधानं वीस-बावीस वर्षं बार भरले आणि त्याच्या हाताखाली कोणाच्या नखालाही धक्का लागला नाही. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. तंबाखूची चंची आणि चकमक तो घरीच ठेवून यायचा. कांड्या घेताना मोजायच्या, भरताना मोजायच्या, उरलेल्या परत करताना मुनीमाला मोजून घ्यायला लावायच्या. मुनीम कंटाळायचा. बार फुटला नाही तर तो कोणालाही तिकडे जाऊ द्यायचा नाही. उन्हातान्हात तासन्‌तास बसून राहायचा, ठेकेदार शिव्या घालायचा, हा ढिम्म. आणि रामाचं शेत? दर साली पहिला नांगर रामाच्या खाचरात, मग स्वतःच्या. भाताची आवणी तशीच, कापणी तशीच. रामा म्हणायचा, माझा उजवा हात खांद्याला नाही, शेजारच्या घरात राहतो.

मग ही दुसरी लढाई आली. बांधकामं थंडावली, खाण बंद पडली, आणि तळेगावच्या पलीकडे माळावर लष्कराचं दारूगोळ्याचं मोठं कोठार उभं राहिलं. तिथे दारूची जाण असलेली माणसं हवी होती. बुधा गेला, त्यांच्या सुभेदारानं त्याची परीक्षा घेतली, आणि तो सुभेदार बुधाच्या हातांवर इतका खूश झाला की म्हणाला, तुला मजुरीवर नाही घेत, एका कोठीवर राखणदार म्हणून घेतो, कोठीची किल्ली तुझ्याजवळ राहील. पण आधी चौकशी होईल. दारूच्या कोठीत कोण माणूस शिरतो याची लष्कर खडान्‌खडा चौकशी करतं, आणि लढाईच्या दिवसांत ते बरोबरच होतं.

त्या संध्याकाळी तो पायरीवर बसला तेव्हा मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. हात मांडीवर पालथे टाकून त्यांच्याकडेच बघत होता. म्हणाला, "पाटील, पैका काय, कुटं बी मिळंल. पर ह्याच हातानं म्या चोरली हुती. ह्याच हातात सरकारनं किल्ली दिली... मंग माजं झालं. मंग म्या मोकळा." मी त्याची चेष्टा केली, किल्ली कमरेला लावून मिरवशील रे! तो लाजला. उठताना मात्र थांबला. "तुमच्याकडं चौकशीचा कागद यील. खरं हाय ते लिवा."

आता माझा मूर्खपणा ऐका. पाटलाकडे माणूस येतो आणि 'खरं तेच लिहा' म्हणतो, तेव्हा त्याला काय हवं असतं हे पाटलाला सांगावं लागत नाही. पोराचा दाखला न्यायला आलेला बाप तसंच म्हणतो, बांध कोरणारा तसंच म्हणतो. त्याचा अर्थ, संभाळून घ्या. मला वाटलं, बुधाला स्वतःच्या तोंडानं मागायची लाज वाटते, म्हणून बिचारा असं बोलतो. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ते बरोबरही होतं. पण समोर बुधा होता! ज्यानं एक खोटी खूण खोडायला लावली तो बुधा! इतक्या वर्षांची पाटीलकी डोक्यात गेली की समोरचा माणूस दिसेनासा होतो, एवढंच म्हणतो.

बुधा पंधरा दिवसांच्या कच्च्या कामावर माळावर गेला, आणि मागोमाग तालुक्यातून कागद आला. अर्जदारास पूर्वी शिक्षा झाली आहे काय, गावात त्याची चाल कशी. मी ऐटीत बसून लिहिलं: 'सदर इसमास कधीही शिक्षा झालेली नाही. चाल उत्तम.' लिहिताना मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, वडिलांनी त्याला मान वर न करता हाकललं, त्याची भरपाई मी केली. आणि मग खुंटीवरची वही दिसली. उद्या कोणी तपासाला आलं तर? दोरी सोडली, वही घेऊन परड्यात गेलो, आणि आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत एक एक पान घातलं. सात वर्षांच्या खुणा. त्या दिवशीचं पाणी चांगलं कढत झालं होतं.

आठ दिवसांत दुसरा कागद. तो मला अजून शब्दशः आठवतो, म्हणून नीट सांगतो. अर्जदारानं आपल्या अर्जातच शिक्षा झाल्याचं लिहवून दिलं आहे, काय चोरलं, कोणाला इजा झाली तेही. तालुक्याच्या जुन्या दप्तराशी ते जुळतं. गुन्हा जुना आहे, अर्जदारानं तो लपवलेला नाही. तरी त्यानंतरची त्याची वर्तणूक कशी होती याचा पुरावा म्हणून त्यानं गावच्या हजेरीबुकाचा हवाला दिला आहे, ते बुक पाठवावं. शिवाय आपल्या अहवालात शिक्षा नाही असं कसं आलं, याचा खुलासा करावा.

कागद हातात घेऊन मी ओट्यावरच खाली बसलो. म्हणजे त्यांना त्याची चोरी चालत होती! त्यांना एवढंच बघायचं होतं की त्यानंतर माणूस कसा वागला. आणि त्याला उत्तर द्यायला जगात एकच वही होती, रोजच्या रोज भरलेली, एका पुराच्या दिवसासकट. तिची राख आमच्या परड्यातल्या दुधीभोपळ्याच्या आळ्यात पडली होती.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी सरळ लिहायला हवं होतं की वही मी जाळली, अहवाल मी खोटा लिहिला, माणूस सोन्यासारखा आहे. फार तर काय, पाटीलकी गेली असती. पण लढाईचे दिवस, लष्कराची चौकशी, खोटा अहवाल... मला तुरुंग दिसायला लागला. मुलगा पाटीलकीला लागायचा होता. मी भ्यालो. लिहिलं की वही वाळवीनं खाल्ली, आणि शिक्षेची गोष्ट वडिलांच्या वेळची असल्यानं ध्यानात राहिली नाही. मोठी वळणदार सही केली.

बुधा सुटीला आला तो थेट पायरीवर. कोठीच्या गोष्टी सांगत होता. खालची फरशी कशी झाडून ठेवतात, नालाचे जोडे घालून आत जाऊ देत नाहीत. सांगता सांगता त्याची नजर माझ्या डोक्यावरून रिकाम्या खुंटीकडे गेली. मी पानाला चुना लावत होतो, लावतच राहिलो. कोठीची गोष्ट अर्धी टाकून तो म्हणाला, "येतो पाटील, उजाडायच्या आत निघायचंय." आणि गेला. मी स्वतःला समजावलं, त्याच्या काही ध्यानात आलं नसेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी परत आला तो गाठोडं घेऊनच. पायरीवर बसला नाही, उभाच राहिला. "न्हाई झालं, पाटील." मी विचारलं का रे, तर म्हणाला, "त्यास्नी न्हाई पटलं." बस्स. आणि मी काय केलं असेल? मी सरकारला शिव्या घातल्या! इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, तरी हे गोरे विसरत नाहीत, माणूस एकदा घसरला की त्याला उठूच देत नाहीत, असं मी तावातावानं चार माणसांत बोललो. पुढं कित्येक वर्षं बोलत राहिलो. लग्नात, बाजारात, तालुक्याला. लोक माना डोलवायचे. बुधा समोर असला तर जमिनीकडे बघत बसायचा. मला तालुक्यातून पुढं एक ओळीची समज आली, 'यापुढे दप्तराची काळजी घ्यावी', आणि इतक्यावर कसं निभावलं याचं मला नवल वाटलं. देव पावला असं वाटून मी सत्यनारायण घातला. बुधा प्रसादाला आला होता.

त्यानंतर तो पडेल ते काम करत राहिला. खडी फोडली, कोळसा पाडला, रस्त्यावर दगड वाहिले. खोकला वाढला. स्वराज्य आलं तेव्हा शाळेपुढं झेंडा लावला, त्या दिवशी तो काठी टेकत उतरला होता. नंतर उतरणं बंद झालं. मी निरोप पाठवायचो, औषध पाठवायचो. स्वतः गेलो नाही. त्याला सामोरं जायचं मला धैर्य नव्हतं, हे खरं कारण. गुडघे दुखतात, हे मी सांगत होतो ते.

त्याच्या दिवसकार्यानंतर मात्र गेलो. वरच्या वाडीला मी आयुष्यात कितीदा तरी गेलो असेन, पंचनाम्याला, चौकशीला, गुरांच्या भांडणाला. बुधाच्या घरात पाहुणा म्हणून कधीच नाही. दार इतकं बुटकं की वाकावं लागलं. त्याची बायको कोंडाबाई चुलीपाशी बसली होती. मी घोंगडीवर बसलो आणि मनाशी ठरवून गेलो होतो ते बोलून टाकलं. "कोंडाबाई, त्याची ती नोकरी माझ्यामुळं गेली. वही वाळवीनं खाल्ली नव्हती. मी जाळली."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "त्यास्नी ठावं हुतं."

"कसं?"

"खुंटीला वाळवी कशी लागंल, पाटील?" मग हळूच म्हणाली, "तिकडं सायबानं त्यास्नी इचारलं. तुमचा पाटील खोटं का लिवतो, वही कुनी गायब केली? पाटलावर खटला भरायचा म्हनत हुता. तर ह्यांनी सांगितलं, अर्जात तिचं नाव दिल्यावर माजं मलाच भ्या वाटलं, म्हून वही म्याच खुंटीवरनं चोरली आन् जाळली. पाटलाला कायबी ठावं न्हाई. त्यो भला मानूस हाय, त्येला वाटलं वाळवीनं खाल्ली."

ती सांगत राहिली, जसं कोणी दळण-कांडणाचं सांगतं तसं. साहेब सुभेदाराला म्हणाला होता की, जुनी चोरी आम्ही सोडली होती, हा माणूस घ्यायचाच होता, पण जो आता चोरतो आणि पुरावा जाळतो त्याच्या हातात किल्ली कशी द्यावी. सुभेदाराच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. घरी आल्यावर बुधानं बायकोला हे एकदाच सांगितलं, आणि आपण जिवंत असेपर्यंत पाटलाला कळू द्यायचं नाही अशी आण घातली. तिनं विचारलं होतं, असं का केलं, इतक्या वर्षांचं सगळं घालवलं. तर म्हणाला, "त्यानं माज्यासाठीच केलं ना? त्येला इंगळी डसावी तसं झालं आसंल. अजून कशाला डसवायचं?"

ज्या माणसानं चोर हा शब्द पुसायला सारा जन्म वेचला, त्यानं तो शब्द न चोरता परत अंगावर घेतला, माझ्यासाठी. आणि मी चार माणसांत सरकारला शिव्या घालत होतो, तो ऐकत होता. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोंडाबाईनं रडू दिलं.

मी उठायला लागलो तर म्हणाली, "थांबा." तिनं माळ्यावर हात घालून एक पाट काढला. ऐनाच्या लाकडाचा, जाड, तासून गुळगुळीत केलेला, कडेला बुधाच्या तासायच्या वाकसाच्या खुणा. त्यावर कोणी कधी बसलेलं दिसत नव्हतं. तिनं पदरानं धूळ पुसली आणि चुलीपुढं मांडला. "कच्च्या कामावर जायच्या आदी केला त्यांनी. किल्ली हातात आली की पाटलाला घरी जेवाया बोलावनार हुते. मंग म्हनले, आता कुटल्या तोंडानं बोलावू. पर मोडायचा न्हाई, कुनाला बसू द्यायचा न्हाई... बसा."

मला त्यावर बसवेना. ती नुसती उभी राहिली, भाकरी हातात घेऊन. शेवटी बसलो. नाचणीची भाकरी, वालाचं कालवण, पाण्याचा तांब्या. त्या घरचं पाणी मी पहिल्यांदा प्यायलो. बुधाच्या घरी मी हजर झालो होतो, आणि माझी हजेरी घ्यायला तो नव्हता. कोंडाबाईनं आणखी एक भाकरी वाढली. मी नको म्हटलं नाही.